सुशीला, साखर, शेंगदाणे

वरळीच्या आमच्या बीडीडी चाळीत लग्न असो, बारसं असो, जयंती असो की पूजा असो, लाऊडस्पीकरवरून पहिला शब्द यायचा तो 'सुशीला'. मग जरा शांतता. मग 'साखर'. मग 'शेंगदाणे', 'साबुदाणा' आणि शेवटी 'पापड', 'फणस'. चाळीत नवीन आलेल्या माणसाला वाटायचं, कुणीतरी चुकून वाण्याची यादी माईकवर वाचतोय. आमच्याकडे पाहुणी आलेली माझी मावशी तर एकदा पिशवी घेऊन तरातरा खाली उतरली होती. रेशनवर साबुदाणा आलाय, अशी तिची समजूत झाली होती.

ही यादी वाचणारे आमचे शेजारी गौतमदादा. धंदा साउंडचा. साऱ्या जगातले साउंडवाले 'हॅलो हॅलो, माईक टेस्टिंग' म्हणतात, आणि दादांना त्या हॅलोचा भयंकर राग.

"हॅलो काय हॅलो! हॅलो भंगारातल्या माईकमधून पण चांगलं येतं. माईकची परीक्षा असते स आणि श मध्ये. तिथे कानात काटा नाही टोचला, की माईक पास. आणि प-फ ला फुंकर मारतो की नाही, ते पापड-फणसात कळतं."

"आणि सुशीला कशाला?" मी विचारलं होतं.

"तिच्यात स पण आहे, श पण आहे. एका नावात अर्धा पेपर सुटतो."

सुशीला म्हणजे दादांची बायको, आमच्या वहिनी. "मेलं सगळ्या वरळीला माझं नाव पाठ झालं," असं त्या कुरकुरायच्या. पण खालून टेस्टिंग सुरू झालं की हातातलं काम टाकून खिडकीशी यायच्या, हेही मी बघितलंय. एखाद्या दिवशी दादांनी घाईत थेट साखरेपासून सुरुवात केली, तर त्या दिवशी घरात जेवताना भांडी जरा जास्त वाजत.

दादांचे वडील गिरणीत होते. गिरणी बंद पडली तेव्हा दादा जेमतेम विशीत. जयंती मंडळाचा अँप्लिफायर बिघडला होता, तो यांनी उघडून दुरुस्त केला आणि तेव्हापासून त्याच कामाला चिकटले. पदरी मूलबाळ नाही. एवढ्याशा खोलीत माणसं दोन आणि स्पीकरचे डबे भिंतभर. पाहुण्याला वूफरवर बसवायचे आणि वर ताकीद द्यायचे, "पाय आपटू नका, आत कोन आहे, कागदाचा." माझ्या सासऱ्यांना हे कोन प्रकरण शेवटपर्यंत कळलं नाही. ते आमच्याकडे आले की दादांकडे चहाला जायचं टाळत.

पोरं त्यांना पाठीमागे 'गेनदादा' म्हणत. गेन म्हणजे मिक्सरवरचं अगदी वरच्या टोकाचं बटण. माईकमधला आवाज मिक्सरने आत किती घ्यायचा, ते त्यावर ठरतं. हल्लीची पोरं ते गरकन पूर्ण फिरवतात. लाल दिवा लागतो, आवाज फाटतो. मग ती खालच्या बटणाने व्हॉल्यूम कमी करतात आणि एकमेकांना विचारतात, "अजून फाटतोय का रे?" आत येतानाच फाटलेला आवाज बाहेर कमी करून शिवला जातो होय? दादा कुठूनतरी उगवायचे आणि म्हणायचे, "आधी गेन कमी कर."

हे वाक्य ते सगळीकडे वापरायचे. नळावर माझी बायको आणि समोरच्या पाटकरबाई यांची एकदा चांगलीच जुंपली होती. दादा कळशी घेऊन मध्ये उभे राहिले आणि शांतपणे म्हणाले, "दोघींचा गेन जास्त झालाय. शब्द फाटतायत. काय भांडताय ते कळत नाही." दोघी मिळून त्यांच्यावर घसरल्या आणि आपसातलं भांडण मिटलं. माझ्या मते तोडगा वाईट नव्हता.

बिघाड शोधायची त्यांची रीतही न्यारी. 'काय बिघडलं' असं कधी विचारणार नाहीत. "शेवटचा हात कुणाचा लागला?" हा पहिला प्रश्न. मग, "सगळं काढा." सगळं म्हणजे सगळं. मांडवात नवरदेव ताटकळलाय, बँजोवाले खोळंबलेत, आणि हे एकेक वायर उपटून जमिनीवर निजवतायत. मग स्पीकरपासून उलटे निघायचे. स्पीकर बोलतो का, बोलतो. अँप्लिफायर बोलतो का, बोलतो. असं करत करत मिक्सरपाशी, मग माईकपाशी. मध्ये कुठेतरी गुन्हेगार सापडायचाच, आणि बहुतेक वेळा ती वायर असायची. मी आणि माझा धाकटा भाऊ गावच्या जागेवरून बोलत नव्हतो, तेव्हाही दादा मला म्हणाले होते, "विजू, मधली वायर बघ. मशीन सहसा जळत नाही रे." मधली वायर म्हणजे माझी भावजय होती. हे मी भावाला सांगितलं आणि आम्ही आणखी वर्षभर बोललो नाही.

एकदा लालबागच्या पोरांनी नवाकोरा डीजे मिक्सर आणला. मित्राची हळद होती. गाणं लावलं तर मागून सारखी हूंऽऽऽ अशी गुणगुण. पोरांनी मिक्सर बदलला, वायरी बदलल्या, एकाने तर दुकानदाराला फोन करून आईवरून शिव्या दिल्या. शेवटी दादांना बोलावलं. दादा मिक्सरकडे बघेचनात. ते लॅपटॉपच्या चार्जरची वायर धरून चालत निघाले. ती खिडकीतून शेजारच्या घरात गेली होती.

"मिक्सर जेवतो इथे आणि लॅपटॉप जेवतो शेजाऱ्यांकडे. मग गुणगुण होणार नाही तर काय? सगळ्यांना एका पंगतीत बसव."

चार्जर मिक्सरच्याच बोर्डाला लावला आणि गुणगुण थांबली. पोरांनी दादांना खांद्यावर घेतलं. दादा वरून ओरडत होते, "आधी गेन कमी करा रे!"

आता जी गोष्ट सांगायची आहे ती दादांच्या या लौकिकाची नाही. अलीकडच्या काही वर्षांत चाळीत दादांबद्दल एक कुजबूज सुरू झाली होती. दादा जिथे कामाला जातील तिथे वहिनी सोबत. लग्न कुणाचं, ओळख ना देख, पण ठेवणीतली साडी नेसून वहिनी शेवटच्या रांगेतल्या शेवटच्या खुर्चीत हजर. कॉटन ग्रीनला कुणाचं रिसेप्शन, वहिनी आहेत. गिरगावात वाडीतली पूजा, वहिनी आहेत. "नवरा-बायको जेवणं सोडत नाहीत हो," असं पाटकरबाई म्हणत. वहिनी मुकाट ऐकून घेत. मलाही ते खरंच वाटे, कारण बिर्याणी बरी होती की नाही हे वहिनी दुसऱ्या दिवशी आपणहून सांगत.

मग माझ्या पुतणीचा साखरपुडा झाला, परळच्या एका हॉलमध्ये. साउंड अर्थातच दादांचा. अंगठ्या घालून झाल्या आणि मुलाच्या काकांनी माईक हातात घेतला. माईक हातात आला की माणसं चालायला लागतात, तसे ते चालत चालत थेट स्पीकरच्या तोंडाशी जाऊन उभे राहिले. आणि जी शिट्टी सुटली! कानठळ्या बसवणारी. म्हाताऱ्यांनी कानांवर हात ठेवले, मांडीवर झोपलेलं पोर किंचाळून उठलं.

दादा मिक्सरपाशी उभे होते आणि मिक्सरवरची धूळ फडक्याने पुसत होते. अगदी निवांत. चेहऱ्यावर समाधान.

मी धावत त्यांच्याकडे निघालो. तेवढ्यात त्यांनी मान वर करून हॉलच्या मागच्या टोकाकडे बघितलं. मीही बघितलं. शेवटच्या खुर्चीत वहिनींनी खांद्यावरचा पदर उचलून डोक्यावर घेतला होता. दादांचा हात झटकन खाली आला आणि शिट्टी बंद झाली.

त्यानंतर त्या साखरपुड्यात माझं लक्ष लागलं नाही. मी वहिनींकडेच बघत राहिलो. त्या हाताने वारा घ्यायला लागल्या, की दादा एक बटण जरा उलटं फिरवत. त्या गुडघा चोळायला लागल्या, की दुसरं. त्यांनी हनुवटीखाली हात टेकवला, की दादा दोन्ही हात मागे बांधून उभे राहत. मघाशी वाढपी त्यांना ताट देऊन गेला होता, ते त्यांनी नुसतं मांडीवर ठेवलं होतं. हात मोकळे हवेत ना.

दुसऱ्या दिवशी वहिनी गॅलरीत तांदूळ निवडत होत्या. दादा घरात नव्हते. मी जाऊन शेजारी बसलो.

"वहिनी, पदर डोक्यावर म्हणजे शिट्टी ना?"

त्यांचा हात थांबला. मग परत खडे शोधायला लागला.

"कुणाला बोलू नका, भाऊजी."

"कधीपासून?"

"झाली बरीच वर्षं. जन्मभर त्या डब्यांसमोर उभे राहिलेत. आधी बारीक आवाज गेले. कुकरची शिट्टी गेली. मग दाराची बेल. आता मी हाक मारली की आवाज कळतो, शब्द कळत नाही. ओठ बघून समजून घेतात." त्या हसल्या. "तुम्हाला गंमत सांगू? ते माझं नाव माईकवर घेतात ना, त्यातला स पण त्यांना ऐकू येत नाही आणि श पण नाही. तिथे मी बसलेय म्हणून निभतं. मी मान हलवली की माईक पास."

मी मशीनचा विषय काढला. कानात घालायची यंत्रं मिळतात, बाहेरून दिसतसुद्धा नाहीत.

"सांगून दमले. म्हणतात, साउंडवाला कानात मशीन घालून उभा राहिला तर लोक हसतील. आणि काम कोण देणार? मी म्हटलं, काम नका करू, झालं की आता वय. तर दोन दिवस जेवले नाहीत. मग म्हटलं जाऊ दे. मी येते. नाहीतरी घरात बसून मी काय करणार होते?"

त्या दिवशी मला पहिल्यांदा कळलं, की लोक जिला फुकटची जेवणारी म्हणतात ती बाई समारंभात एक घास धड जेवत नाही. वाईट वाटलं. पाटकरबाईंना सगळं सांगून टाकावंसं वाटलं, पण वहिनींनी कुणाला बोलू नका म्हणून सांगितलं होतं. बिर्याणीच्या बातम्या त्या कशासाठी पुरवत, तेही मग लक्षात आलं.

त्यानंतर वर्षभरात वहिनींना पोटाचं दुखणं लागलं. सुरुवातीला त्या तशाच येत राहिल्या. अंगावर शाल, मांडीवर पाण्याची बाटली, जागा तीच. पुढे जिना उतरणं जमेना. त्याबरोबर दादांनी कामं घेणं बंद केलं. कुणी विचारलं तर म्हणत, "मिक्सर रिपेअरला दिलाय." मिक्सर घरातच होता, कॉटखाली, चादरीत गुंडाळलेला. पोरं म्हणाली, दादांना माज आला.

शेवटी परळच्या हॉस्पिटलात ठेवावं लागलं. डबा घेऊन मी दादांबरोबर जायचो. आजारपणात वहिनींचा आवाज अगदी बारीक झाला होता, आपल्यालाही कान जवळ न्यावा लागे. शिवाय नाकातोंडावर ऑक्सिजनचा मास्क. ओठच दिसत नव्हते. दादा स्टुलावर बसून त्यांच्या मास्ककडे एकटक बघत राहायचे. बिघाड शोधताना मिक्सरकडेसुद्धा त्यांनी असं कधी बघितलं नसेल.

एका दुपारी वहिनी बोलायला लागल्या. मी पलीकडच्या बाजूला उभा होतो, मला नीट ऐकू आलं. त्या म्हणाल्या, "आता तरी कानाला मशीन लावा. लाजू नका. मी काय जन्मभर तुमच्यासाठी शेवटच्या खुर्चीत बसणार आहे का?"

दादा म्हणाले, "हो, हो."

वहिनींनी मान माझ्याकडे वळवली. डोळ्यांत हसू होतं. "बघा भाऊजी, काही ऐकू आलेलं नाही. तरी हो म्हणाले." मग दादांच्या हातावर थोपटलं आणि डोळे मिटून पडून राहिल्या. मी दादांना सांगणार होतो, पण नर्स आली आणि तिने आम्हाला बाहेर काढलं. त्या रात्रीपासून वहिनी शुद्धीवर आल्या नाहीत, आणि दोन दिवसांनी गेल्या. मग ते सांगायला माझं तोंड उघडेना. नवरा-बायकोमधलं शेवटचं बोलणं ते, ते आपल्या तोंडून कसं सांगायचं?

वहिनींचा जलदान विधी चाळींच्या मधल्या मोकळ्या जागेत होता. आजूबाजूच्या निम्म्या चाळी पाडल्या आहेत आणि त्या जागी टॉवर चढलेत, आमची अजून उभी आहे. मंडळाच्या पोरांनी साउंडची व्यवस्था करतो म्हणून सांगितलं होतं. दादा ऐकेनात. कॉटखालून मिक्सर काढला, डबे स्वतः उतरवले, वायरी स्वतः टाकल्या. टेबलावर वहिनींचा फोटो, मेणबत्त्या, मोगऱ्याचा हार. दादा माईकपाशी गेले. माणसं बोलायची थांबली. सगळ्यांना पहिला शब्द माहीत होता.

दादांनी फोटोकडे बघितलं. मग म्हणाले, "साखर." पुढे काही म्हणालेच नाहीत.

बौद्धाचार्यांनी त्रिसरण सुरू केलं आणि दुसऱ्याच ओळीला शिट्टी सुटली. बारीक, लांब, थांबायचं नाव न घेणारी. दादा मिक्सरवर हात ठेवून सरळ शेवटच्या रांगेकडे बघत होते. शेवटच्या खुर्चीत वहिनींचे नालासोपाऱ्याचे चुलत मामा बसले होते. ते बिचारे मान खाली घालून रडत होते. त्यांना काय माहीत, ते कुठल्या जागी बसलेत!

आजच्या दिवशी दादांना कोण बोलणार? सगळे दातांवर दात ठेवून ती शिट्टी सहन करत होते. मी हात वर केला, पण मी बाजूला होतो आणि दादांची नजर माझ्याकडे नव्हती. मग त्यांनी एकेका रांगेवरून नजर फिरवली. चेहऱ्यामागून चेहरा वाचला. आक्रसलेले डोळे बघितले, आईच्या पोटात डोकं खुपसलेली मुलं बघितली. आणि त्यांना कळलं.

त्यांनी सगळी बटणं खाली ओढली. अँप्लिफायर बंद केला. लाल दिवा विझला. बौद्धाचार्य गोंधळून थांबले, तेव्हा दादांनी हाताने खूण केली, चालू द्या. माणसं उघड्या आवाजात म्हणायला लागली. बायकांनी आवाज चढवला, पोरांनी चढवला, गॅलऱ्यांमधून उभे असलेले लोकही म्हणायला लागले. दादा डब्याला टेकून जमिनीवर बसले. लोकांना वाटलं, दुःखाने हात चालेना. तेही खोटं नव्हतं.

जेवणं आटोपली, पाहुणे पांगले. दादा वायरी गुंडाळत होते. वायर कोपरावरून गुंडाळलेली त्यांना खपत नाही, तिच्या अंगच्या वळणानेच फिरवावी लागते. ती विद्या मला येत नाही, म्हणून मी नुसती टोकं धरून बसलो होतो. पलीकडे बायका मोठाली भांडी घासत होत्या. भांड्यांचा आवाज, टॉवरच्या कामाचा आवाज.

"विजू," दादा माझ्याकडे न बघता म्हणाले, "हॉस्पिटलात ती मला काहीतरी बोलली होती. तू होतास."

"होतो."

दादांनी वर बघितलं. माझे ओठ त्यांना हवे होते. "काय बोलली रे? मी नुसतं हो हो म्हटलं. मला वाटलं, घरी आणली की विचारीन."

मी सांगितलं. त्यांना कळलं नाही. मी परत सांगितलं, मोठ्याने. त्यांनी कान पुढे केला. शेवटी मी उभा राहिलो आणि भर मैदानात ओरडून सांगितलं, "वहिनी म्हणाल्या, कानाला मशीन लावा! लाजू नका! मी काय जन्मभर तुमच्यासाठी शेवटच्या खुर्चीत बसणार आहे का!"

भांडी घासणाऱ्या बायका थांबल्या. त्यांत पाटकरबाईही होत्या. त्यांच्या हातातला काथ्या तसाच राहिला.

"आणि मी हो म्हटलं?"

"दोनदा म्हटलंत."

दादांनी गुंडाळलेली वायर मांडीवर ठेवली. तिच्यावरून हात फिरवला.

"मग लावतो," ते म्हणाले. "तिला हो म्हटलंय." आणि मग त्यांचा आवाज फाटला. "तेव्हाच लावलं असतं, तर आज तुला विचारावं लागलं नसतं रे."